फादर लग्न का करत नाहीत? आणि कॅथलिक चर्च लग्नालाही 'पाचारण' का म्हणतं?

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताचं धाराशिव) ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, तर अनेकांनी जोरदार स्वागत केलं.

आमच्या मुरुडपासून उस्मानाबाद फार लांब नाही. (हे समुद्राकाठचं मुरुड-जंजिरा नव्हे, लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड.) कोकणात चर्च, मिस्सा, फादर हे शब्द रोजच्या बोलण्यात असतात. मराठवाड्यात बऱ्याच जणांचा कॅथलिक धर्मगुरूंशी संबंध आला तो मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात. त्यामुळे काही साधे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. फादरना बायको-मुलं का नसतात? त्यांना संन्यासी म्हणायचं का? आणि ब्रह्मचर्य एवढं मोठं मानलं जात असेल, तर लग्न करणारे बाकीचे कॅथलिक दुय्यम ठरतात का?

थोडक्यात सांगायचं तर

- कॅथलिक शिकवणीत धर्मगुरू होणं आणि लग्न करणं, दोन्ही देवाने दिलेली 'पाचारणं' आहेत.
- दोन्ही संस्कार आहेत आणि दोन्हींचा उद्देश दुसऱ्यांची सेवा हाच आहे.
- दोन्हींसाठी पहिली अट एकच : निर्णय स्वतःच्या मर्जीने घेतलेला असला पाहिजे.

आता एकेक मुद्दा नीट समजून घेऊया.

फादर, पास्टर, ब्रदर, सिस्टर : कोण कोण?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

'फादर' म्हणजे कॅथलिक धर्मगुरू. त्यांना गुरुदीक्षा मिळालेली असते. मिस्सा अर्पण करणं आणि पापनिवेदन ऐकून क्षमा देणं हे अधिकार त्यांना असतात. भारतातले जवळजवळ सगळे कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असतात.

'पास्टर' किंवा 'रेव्हरंड' हे शब्द बहुतेक वेळा प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ऐकू येतात. त्यांचं लग्न झालेलं असतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मराठी वाचकांना याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा आणि लक्ष्मीबाईंचा संसार 'स्मृतिचित्रे'मुळे घराघरांत पोहोचला. टिळक प्रॉटेस्टंट मिशनमध्ये होते, म्हणून धर्मकार्य आणि संसार एकाच घरात नांदले.

'सिस्टर' म्हणजे व्रतस्थ धर्मभगिनी, आणि 'ब्रदर' म्हणजे व्रत घेतलेला पण धर्मगुरू नसलेला पुरुष. (सेमिनरीत शिकणाऱ्या मुलांनाही लोक ब्रदर म्हणतात.) वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया असेच फ्रान्सिस्कन ब्रदर होते. १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकी इथे त्यांना क्रूसावर मारण्यात आलं. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. भारतात जन्मलेली संतपदाला पोहोचलेली ही पहिली व्यक्ती, आणि ती फादर नव्हती.

फादरांमध्येही दोन प्रकार आहेत. एखाद्या धर्मप्रांतासाठी काम करणारे धर्मगुरू ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञापालनाचं वचन देतात. ते गरिबीचं व्रत घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावावर पैसे किंवा वस्तू असू शकतात. जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा संघांतले धर्मगुरू मात्र ब्रह्मचर्य, गरिबी आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात.

'पाचारण' म्हणजे नेमकं काय?

पाचारण म्हणजे बोलावणं. मराठी कॅथलिकांच्या बोलण्यात हा शब्द नेहमी येतो. अमुक घरातल्या मुलाला धर्मगुरुपदाचं पाचारण आहे, असं म्हटलं जातं. ईस्टरच्या काळातला चौथा रविवार जगभर पाचारणासाठी प्रार्थना करण्याचा दिवस म्हणून पाळतात. ही प्रथा १९६४ मध्ये सुरू झाली.

बोलावणं म्हणजे आकाशातून आवाज येणं, असं चर्च मानत नाही. आपल्या आवडी, क्षमता, मनाची ओढ आणि आजूबाजूच्या लोकांची गरज यांतून आपण कशासाठी आहोत हे हळूहळू उमगतं, अशी ही कल्पना आहे. ते पारखून घ्यायला वेळ लागतो, आणि आपल्याला ओळखणाऱ्या माणसांचा सल्लाही लागतो.

चर्चच्या मते पहिलं पाचारण सगळ्यांना सारखंच आहे, ते म्हणजे पवित्र जीवन जगण्याचं. ते कुणी धर्मगुरू होऊन जगतं, कुणी लग्न करून, कुणी व्रतस्थ राहून, तर कुणी एकटं राहून.

सात संस्कारांतले दोन वेगळे

कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार आहेत : स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णांना तेल लावण्याचा संस्कार, गुरुदीक्षा आणि विवाह.

पहिल्या पाच संस्कारांचा रोख ते घेणाऱ्या माणसाकडे असतो. गुरुदीक्षा आणि विवाह या दोन्हींना मात्र चर्चच्या अधिकृत शिकवणीत एका वेगळ्या गटात ठेवलं आहे. हे संस्कार माणूस मुख्यतः दुसऱ्यासाठी घेतो. धर्मगुरू आपल्या लोकांसाठी असतो. नवरा बायकोसाठी, बायको नवऱ्यासाठी आणि दोघं मुलांसाठी असतात. त्यातून त्यांचं स्वतःचं भलं होतं, ते या सेवेमुळेच.

संन्यास आणि संसार : आपल्या ओळखीचा प्रश्न

हा सगळा पेच मराठी माणसाला नवा नाही. मराठवाड्याला तर मुळीच नाही.

जालना जिल्ह्यातल्या जांबचे नारायण 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले आणि पुढे समर्थ रामदास झाले, असं परंपरा सांगते. पैठणचे संत एकनाथ मात्र गिरिजाबाईंबरोबर संसार करत संतपदाला पोहोचले. आणि ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत? संन्यास घेऊन ते गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात परतले. त्याची शिक्षा त्यांच्या मुलांनी भोगली. मुंजीचा अधिकार नाकारला गेला आणि शुद्धिपत्रासाठी त्या भावंडांना पैठणला यावं लागलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मग कॅथलिक शिकवण यापेक्षा वेगळी कुठे पडते?

आश्रमव्यवस्थेत ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास असा क्रम आहे. संसार उरकून मग संन्यास घेता येतो. कॅथलिक शिकवणीत हे दोन रस्ते एकापुढे एक येत नाहीत, शेजारी शेजारी जातात. एक निवडला की आयुष्यभर त्यावरूनच चालायचं.

दुसरं म्हणजे, धर्मप्रांताचा फादर संन्याशासारखा जग सोडून जात नाही. तो वस्तीतच राहतो. बारसं, लग्न, मयत, शाळेचे प्रवेश, शेजाऱ्यांची भांडणं, सगळ्यात त्याला हजर राहावं लागतं. फादर दिब्रिटोंचंच बघा. १९४२ मध्ये वसईतल्या नंदाखाल गावात त्यांचा जन्म झाला आणि १९७२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. हरित वसईच्या आंदोलनात ते रस्त्यावर उतरले. 'सुबोध बायबल'साठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या आत्मकथनाचं नाव आहे 'नाही मी एकला'. लग्न न केलेल्या माणसाने आपल्या आयुष्याला हे नाव द्यावं, यातच बरंच काही आलं.

संत परंपरेचा आणि या विचाराचा संवादही आपल्याकडे झाला आहे. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकोबांच्या ईश्वरानुभवावर. म्हणजे ब्रह्मचारी बिशपांनी अभ्यासाला घेतला तो देहूचा संसारी संत.

फादर होण्यासाठी काय करावं लागतं?

मुलगा साधारणपणे शाळा किंवा कॉलेज संपवून सेमिनरीत जातो. चर्चच्या नियमानुसार तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा वर्षांचं शिक्षण लागतं. प्रत्यक्षात तयारीची आणि कामाच्या अनुभवाची वर्षं धरून त्याहून बराच जास्त वेळ जातो. महाराष्ट्रात पुण्याची पेपल सेमिनरी आणि मुंबईत गोरेगावचं सेंट पायस कॉलेज ही या शिक्षणाची जुनी केंद्रं आहेत. पेपल सेमिनरी मुळात श्रीलंकेतल्या कँडीची. ती १९५५ मध्ये पुण्याला आली.

आधी 'डिकन' म्हणून दीक्षा होते. ब्रह्मचर्याचं जाहीर वचन याच वेळी दिलं जातं. त्यानंतर किमान सहा महिन्यांनी गुरुदीक्षा मिळते. तेव्हा वय किमान २५ वर्षं पूर्ण असावं लागतं. विधीमध्ये उमेदवार वेदीसमोर जमिनीवर पालथा पडतो, मग बिशप काही न बोलता त्याच्या डोक्यावर हात ठेवतात.

एवढी वर्षं लावण्यामागे कारण आहे. या काळात मुलगा कधीही घरी परत जाऊ शकतो, आणि सेमिनरीही त्याला परत पाठवू शकते. मला बोलावणं आहे, असं मुलाने नुसतं म्हणून भागत नाही. ते चर्चलाही पटावं लागतं. उलट, कुणावर दबाव आणून त्याला दीक्षा देणं चर्चच्या कायद्याला मान्य नाही.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर हा भाग औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला.

येशूचा शिष्य तर विवाहित होता. मग हा नियम आला कुठून?

बायबलमध्ये पेत्राच्या सासूबाईंचा उल्लेख आहे. येशूने त्यांना तापातून बरं केलं. म्हणजे ज्याला कॅथलिक पहिला पोप मानतात, त्याचं लग्न झालेलं होतं. सुरुवातीच्या काळात विवाहित धर्मगुरू आणि बिशप होते, हे चर्चही नाकारत नाही.

नियम टप्प्याटप्प्याने घट्ट होत गेला. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विरा इथल्या सभेने विवाहित धर्मगुरूंनीही पत्नीशी शरीरसंबंध ठेवू नयेत, असं ठरवलं. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंची लग्नं अवैधच ठरवली. यामागे धार्मिक कारणं होती. येशू स्वतः अविवाहित होता आणि संत पौलाने अविवाहित जीवनाची शिफारस केली होती. व्यवहाराचाही भाग होता. चर्चची जमीन आणि पदं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली होती, ती थांबवायची होती.

इथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्या. धर्मगुरूंनी अविवाहित राहणं हा चर्चच्या शिस्तीचा नियम आहे. तो श्रद्धेचा सिद्धांत नाही. त्यामुळे तो तत्त्वतः बदलू शकतो, आणि त्याला आजही अपवाद आहेत.

- युक्रेन, लेबनॉन अशा ठिकाणच्या पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुष धर्मगुरू होऊ शकतात. लग्न आधी झालेलं असावं लागतं, दीक्षेनंतर करता येत नाही.
- केरळचं सिरो-मलबार चर्चही पौर्वात्य आहे. कल्याण आणि चंद्रपूरला त्याची केंद्रं आहेत. पण तिथले धर्मगुरू अविवाहितच असतात. १५९९ मध्ये पोर्तुगीजांच्या काळात भरलेल्या उदयंपेरूरच्या सभेने तिथे ब्रह्मचर्य सक्तीचं केलं.
- अँग्लिकन चर्चमधून आलेल्या काही विवाहित पाद्रींना कॅथलिक धर्मगुरू होऊ दिलं जातं. त्यासाठी २००९ मध्ये खास व्यवस्था करण्यात आली.
- ३५ वर्षं पूर्ण झालेला विवाहित पुरुष बायकोच्या संमतीने कायमचा डिकन होऊ शकतो. तो स्नानसंस्कार देऊ शकतो, लग्न लावू शकतो, पण मिस्सा अर्पण करू शकत नाही. मुंबई धर्मप्रांतात असे विवाहित डिकन आहेत.

आणि लग्न? ते तर सगळेच करतात!

आपल्याकडे लग्न हा ठरवायचा विषय असतो तो 'कुणाशी' आणि 'कधी' एवढ्यापुरताच. 'करायचं का' हे विचारलंच जात नाही. वय झालं, शिक्षण झालं की दोनाचे चार हात. मुलीच्या बाबतीत तर शिक्षण पूर्ण व्हायचीही वाट अनेकदा बघितली जात नाही.

कॅथलिक शिकवण इथे थांबवून विचारायला लावते. लग्न हे पाचारण असेल, तर ते प्रत्येकाला असेलच असं नाही. ज्याला आहे, त्यानेही विचार करून 'हो' म्हटलं पाहिजे.

हे फक्त उपदेशापुरतं नाही, चर्चच्या कायद्यातही आहे. लग्न होतं ते वर-वधूच्या संमतीने. ती संमती आई-वडील, समाज किंवा फादर यांपैकी कुणीही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. जबरदस्तीने किंवा धाकाने लावलेलं लग्न मुळातच झालं नाही, असं चर्च मानतं. लग्नाच्या विधीत फादर दोघांना आधी विचारतात : तुम्ही स्वखुशीने आलात का? आयुष्यभर एकमेकांशी एकनिष्ठ राहाल का? देवाने दिलेली मुलं स्वीकाराल का? उत्तर मिळाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही.

आणखी एक गोष्ट अनेक कॅथलिकांनाही माहीत नसते. भारतातले बहुसंख्य कॅथलिक ज्या लॅटिन परंपरेत येतात, तिच्या शिकवणीनुसार लग्न फादर 'लावत' नाहीत. हा संस्कार वर वधूला आणि वधू वराला देते. फादर चर्चच्या वतीने ती संमती स्वीकारतात आणि त्यांच्याबरोबर आणखी दोन साक्षीदार लागतात. हा साक्षीदारांचा नियम १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने घातला, कारण गुपचूप लग्नं करून नंतर नाकारण्याचे प्रकार वाढले होते.

लग्नाआधी जोडप्याला मार्गदर्शन वर्गाला बसावं लागतं. पैसा, सासर-माहेर, मुलं, भांडण कसं मिटवायचं, सगळ्यावर तिथे बोललं जातं. सेमिनरीच्या वर्षांपुढे हे काही दिवस म्हणजे काहीच नाहीत, अशी टीका चर्चमधूनच होते. आयुष्यभराच्या दोन वचनांपैकी एकाला दशकभर तयारी आणि दुसऱ्याला एक शनिवार-रविवार, हा फरक डोळ्यांत भरतोच.

मग मोठं कोण? फादर की संसारी?

या प्रश्नाचं चर्चचं उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलं आहे.

ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये विवाह हा संस्कार आहे हे ठामपणे सांगितलं. पण ब्रह्मचर्यापेक्षा विवाह वरचा आहे असं म्हणणाऱ्यांचा निषेधही केला. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे हाच विचार इथल्या चर्चमध्येही रुजला. धर्मगुरू होणारा मुलगा घराण्याचं भूषण, आणि संसार करणारे बाकीचे सामान्य.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सूर बदलला. पवित्रतेचं बोलावणं सगळ्यांना आहे, असं तिने सांगितलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये कुटुंबावर लिहिताना एक नेमका मुद्दा मांडला. लग्नाची किंमत नसेल तर ते सोडण्यालाही किंमत उरत नाही. मात्र ब्रह्मचर्याला वरचं स्थान देणारी जुनी भूमिका त्यांनी पूर्णपणे सोडली नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की दोन्ही जीवनपद्धती एकमेकींना पूरक आहेत, त्यांत उच्च-नीच लावायची गरज नाही.

संतांच्या यादीतही हा बदल दिसतो. २०१५ मध्ये फ्रान्सचे लुई आणि झेली मार्टिन हे जोडपं एकत्र संत घोषित झालं. दोघांनाही आधी मठात जायचं होतं, ते जमलं नाही. २०२२ मध्ये तमिळनाडूचे देवसहायम पिल्लै संत झाले. हे संसारी गृहस्थ होते, धर्मगुरू नव्हते.

निर्णय चुकला तर?

फादर पद सोडू शकतात का? हो. पण ब्रह्मचर्याच्या वचनातून मोकळं करण्याचा अधिकार फक्त पोपना आहे. परवानगी मिळाली की लग्न करता येतं, पण मिस्सा अर्पण करता येत नाही. तरीही गुरुदीक्षा पुसली जात नाही, असं चर्च मानतं. त्यामुळे मरणाच्या दारात असलेल्या माणसाचं पापनिवेदन असा माजी फादरही ऐकू शकतो.

लग्नाच्या बाबतीत चर्च घटस्फोट मानत नाही. मात्र लग्नाच्या वेळीच संमती खरी नव्हती, दबाव होता किंवा मोठी गोष्ट फसवून लपवली होती असं सिद्ध झालं, तर चर्चचं न्यायमंडळ ते लग्न मुळातच वैध नव्हतं असं जाहीर करू शकतं. ही प्रक्रिया २०१५ मध्ये सोपी करण्यात आली.

पण सावधान! चर्चचा हा निकाल भारतीय कायद्यात घटस्फोट म्हणून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. फक्त चर्चच्या कागदावर दुसरं लग्न केलं, तर पहिलं लग्न कायद्याने टिकून असतं आणि द्विभार्येचा गुन्हा लागू शकतो. त्यासाठी न्यायालयातूनच घटस्फोट घ्यावा लागतो.

आज वाद कशावर आहे?

अनेक देशांत धर्मगुरू कमी पडत आहेत. २०१९ मध्ये ॲमेझॉन भागासाठी भरलेल्या धर्मसभेने दुर्गम भागात विवाहित पुरुषांना दीक्षा द्यावी, अशी सूचना केली होती. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये दिलेल्या उत्तरात त्याला मंजुरी दिली नाही. स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असं १९९४ मध्ये जाहीर झालेलं आहे. त्यावरही आक्षेप घेतले जातात. धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं जगभर उघड झाल्यावर ब्रह्मचर्याच्या सक्तीवर पुन्हा बोट ठेवलं गेलं. बाजू घेणारे म्हणतात की असे गुन्हे विवाहित पुरुषांकडूनही होतात, खरा दोष गुन्हे झाकणाऱ्या व्यवस्थेचा आहे. ही चर्चा संपलेली नाही.

या वादांत कुणाची बाजू घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं. पण पाचारणाच्या कल्पनेत एक गोष्ट आहे, जी चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेल्यालाही उपयोगी पडेल. लग्न नको म्हणून फादर व्हायचं नाही, आणि वय झालं म्हणून लग्न करायचं नाही. घरात स्थळ बघायला सुरुवात झाली असेल, तर मुलाला आणि मुलीला एकदा वेगवेगळं बसवून विचारा : तुला हे हवंय का? आणि 'नाही' किंवा 'आत्ता नको' असं उत्तर आलं, तर तेही ऐकून घ्या.